जाहिरात संपेपर्यंत

आर्लिस टॉलेफसन माझी शेजारीण. शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी जन्मभर बरोबर राबलो, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क त्या टीव्हीवाल्या टवळ्यांपेक्षा मला जास्त आहे. आमच्या उत्तर मिनेसोटात माणसं चारचौघांत रडत नाहीत. रडू आलंच तर तळघरात जायचं, तोंड धुऊन वर यायचं. आर्लिस तर स्वतःच्या आईच्या मयतीला लोकांना कॉफी हवी-नको विचारत फिरत होती. दगड नव्हती हो बाई. एखादं पोर ताटात अन्न चिवडत बसलं की तिच्या पोटात कालवायचं. पण ते पोटातच.

डिसेंबरात तिचा नवरा व्हर्लिन गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला, तो परतलाच नाही. गाडी काठाशी उभी, आणि रात्रभर हिम पडून पावलं बुजलेली. आर्लिसनं शेरीफ क्विस्टला स्वच्छ सांगितलं, "झऱ्याच्या तोंडाशी गेला असणार. तिथे बर्फ पातळ असतो. दरवर्षी सांगते जाऊ नकोस, ऐकेल तर शपथ!" क्विस्टनं पाणबुडे बोलावले. तिचं मागणं एवढंच होतं, तळं जाड गोठायच्या आत माझ्या माणसाला बाहेर काढा.

दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या गाड्या येऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. थंडी अशी, की श्वास घेतला तरी नाकात टोचत होतं. आता दारात माणसं कुडकुडतायत आणि आपण आत शेकत बसायचं, हे आमच्यात होतच नाही. आर्लिस थर्मास आणि खजुराच्या वड्या घेऊन बाहेर गेली. एक वार्ताहर पायरीवरून घसरून दाणकन आपटला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या गावानं आल्या आल्या माझं बूडच मोडलं की!" ती हसली. पाहुण्याला ओशाळं वाटू नये म्हणून हसली. कॅमेरा चालू होता.

संध्याकाळी टीव्हीवर तेवढंच हसू, पुन्हा पुन्हा, मागे भुताखेताचं संगीत आणि खाली लाल अक्षरांत 'हसरी बायको'. टेबलाभोवती चार जण, त्यांतला एक म्हणे चेहरे वाचणारा तज्ज्ञ. "डावीकडचा ओठ बघा. समाधान दिसतंय."

"डोंबल दिसतंय! तिची कवळी सैल आहे त्या बाजूला, मेल्या!" मी टीव्हीवर ओरडले. पण टीव्हीला कुठे कान असतात?

मग शेरीफच्या कचेरीत देशभरातून फोन सुरू झाले. कुणाला व्हर्लिन नेवाडाच्या जुगारघरात दिसला, कुणाच्या स्वप्नात आर्लिसचं तळघर आलं. एकेक फोन तपासा, असा वरून हुकूम आला. पाणबुडे परत गेले, आणि क्विस्टची माणसं तिच्या तळघराची जमीन फोडायला आली. क्विस्ट टोपी हातात धरून उभा. लहानपणी आमच्याच हातचं जेवलेला.

"बाई, माझ्या हातात काही नाही."

"अरे, तो तळ्यात आहे. तू मला इथे काय उकरतोस?"

"रोज विचारतात हो टीव्हीवर, तळघर का नाही बघितलं म्हणून."

पुढे तर बिचारीला श्वास घ्यायची चोरी झाली. पडदा ओढला की 'काय लपवतेय?', उघडला की 'लाज नाही'. पाव आणायला गेली तर 'हिला भूक लागते!' शेवटी दिवसभर न्हाणीघरात बसायला लागली, तिथे खिडकी नव्हती. आणि तिकडे तळ्यावरचा बर्फ रोज जाड होत होता.

तेव्हा त्याच वाहिनीचा फोन आला. कार्यक्रमात या, मन मोकळं करा, लोक विरघळले तर पाणबुडे आम्ही आणतो.

"मन मोकळं करा म्हणजे रडा," मी म्हटलं. "रड गं बाई एकदा, आणि सोडव त्याला."

"परक्यांसमोर? कसं रडतात गं, लव्होन?"

"कांदा आणू?"

ती खुदकन हसली, आणि लगेच घाबरून तोंडावर हात दाबला.

बैठकीच्या खोलीत वायरी पसरल्या, भला मोठा दिवा लागला. सूत्रधार बाई न्यूयॉर्कहून तिच्या कानात खोचलेल्या यंत्रातून बोलत होती, आम्हाला ते समोरच्या छोट्या टीव्हीवर ऐकू येत होतं. त्यांनी व्हर्लिनचा फोनवरचा शेवटचा निरोप ऐकवला, "आर्ल, येताना दूध आणू का? बरं, आणतोच."

आर्लिस मांडीवर हात ठेवून ताठ बसलेली. "आवाज ऐकवलात, फार बरं वाटलं," ती म्हणाली. "आभारी आहे."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना."

"काय?"

"वाईट."

मग जाहिरात लागली, दिवा विझला. आणि ती कमरेत मोडली हो. असला हंबरडा मी जन्मात ऐकला नव्हता. "तो गार पाण्यात आहे गं, आणि मी इथे पावडर लावून बसलेय!"

"चालू कर!" मी कॅमेरावाल्यावर धावले. "अरे, आत्ता चालू कर ना!"

"जाहिरात चाललीय, बाई."

मी तिच्याकडे वळले. "आर्लिस, थांबू नकोस. दिवा लागेपर्यंत अशीच रड, तुला माझी शपथ!"

दिवा लागला. तोवर तिनं नाक पुसलं होतं, केस सारखे केले होते, पाठ सरळ केली होती. चारचौघं आली ना समोर. "माफ करा हं," ती म्हणाली, "तुमचा खोळंबा झाला."

"एक टिपूस नाही," टीव्हीवरून तो तज्ज्ञ म्हणाला. पाणबुडे आले नाहीत. माझा जीव तळमळला नुसता.

एप्रिलात बर्फ फुटला आणि व्हर्लिन झऱ्याच्या तोंडाशी, लव्हाळ्यात अडकलेला सापडला. वाहिनीला तोवर दुसऱ्या राज्यातली दुसरी बायको मिळाली होती. आमची बातमी खालच्या पट्टीत सरकून गेली.

मयतीला सगळं गाव चर्चमध्ये आलं. शवपेटीकडे कुणी बघत नव्हतं. सगळे, अगदी आपली म्हणवणारी माणसंसुद्धा, तिचं तोंड वाचत होते. आणि त्या दिवशी आर्लिस रडली, चारचौघांत, मोठ्यानं. मी तिला घट्ट धरून होते. रडता रडता ती माझ्या कानाशी वाकली.

"लव्होन," ती म्हणाली, "लोकांना खरं वाटतंय ना गं?"