दिलेलं नाव

ब्रह्मपुरीच्या स्टेशनावर बाबा आगगाडीच्या खिडकीशी उभे होते. जमीनदारी त्याच साली सरकारजमा झाली होती आणि मी नागपूरला मास्तरणीचं शिकायला निघाले होते. "नाव सांभाळजो, माय," ते म्हणाले, "बाकी तं सारं गेलंच." इंजिनाच्या धुराचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले. मलाही रडू आलं. पण खरं सांगते, त्यात त्या नावातून सुटल्याचा आनंदच जास्त होता.

गावी राहिलेल्या बहिणींनो, तुम्हांला अजून वाटतं, मी सुटले. छे! नागपुरात आपलं गढामी हे नाव मला जिथंतिथं भेटायचं. शाळेचा शिपाई गढामी, मोळीवाली गढामी. पणजोबांनी गढीवरच्या गड्यामाणसांना बक्षीस म्हणून आपलं आडनावच देऊन टाकलं होतं ना! त्यांतलाच शंकर, मी पुढं मास्तरीण झाले त्या शाळेतला मास्तर. त्याचा आजा आपल्याकडे घोडे सांभाळायचा. आमचं मन जुळलं आणि घोडं तिथंच अडलं.

आपल्या जमातीत आडनाव एक तर कुळाचे देव एक, आणि देव एक तर भाऊबहीण; लग्न होत नाही. शंकरच्या घरचे मूळ देव वेगळे. तेवढं त्यानं पंचांपुढं सांगायचं होतं. पण तो म्हणाला, "माह्या बहिणीचं लगन याच नावाचे देव धरून झालं. आमचे मूळ देव तं तिच्या सासरचेच. आता मी नाव खोटं म्हनू? तिले कोन नांदवील मंग?"

उरले बाबा. देणाऱ्या घरानं एकट्या शंकरपुरतं नाव परत घेतलं असतं, तर त्याच्या बहिणीला धक्का नव्हता. मी गावी येऊन बाबांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवून पायरीवर शेजारी बसवलं.

"जमीन सरकारनं नेली. नाव आपन देलं, बाई. देलेलं वापस घेत नाई गढामी."

बाबांचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि इतका अभिमानही.

तुम्ही विचारता, मी गावी काऊन येत नाही. माहेर वर्षातून एकदा माझ्याच खोलीवर येतं. शंकरनं पुढं लग्न केलं, मी केलं नाही. नाव एक, म्हणून भाऊबीजेला तो लुगडं घेऊन येतो. त्याची बायको पाट मांडते. मी त्याला ओवाळते.