वेळेला पुरावा काय?

दुसऱ्यांच्या संसाराचा इतका विचार केलेला आणि स्वतःचा संसार मुळीच न केलेला माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून एकच आहे, आणि तो दर रविवारी सकाळी साडेदहाला माझ्या दारात चपला काढतो. साडेदहा म्हणजे साडेदहा. माझे वडील साखर कारखान्यात होते आणि हे त्यांच्याच बरोबरचे, टाइम ऑफिसातले, कामगारांची हजेरी लावणारे. त्यामुळे आमच्या घरात त्यांना कुणी नावानं ओळखलंच नाही. ते टाइमकीपर आबा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आता पिंपळीत एका खोलीत एकटे राहतात, स्वतःपुरतं रांधतात, आल्यागेल्याच्या पत्रिका जुळवून देतात, मोबदला म्हणून फक्त चहा घेतात आणि मनगटावरच्या घड्याळाला अजून रोज किल्ली देतात.

पत्रिका जुळवणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत. जन्मतारीख सांगा, वेळ सांगा, गाव सांगा, अर्ध्या तासात गुण किती ते सांगून मोकळे होतात. आबांचं तसं नाही. आबा तारखेशी थांबत नाहीत, गावाशी थांबत नाहीत. वेळेशी थांबतात, आणि मग तिथून त्यांना हलवणं कठीण. मुलीचा बाप घाईत सांगतो, सकाळी सात वीस. आबा चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “वेळेला पुरावा काय?” बाप गोंधळतो. कारण खेड्यातल्या घरात पोर जन्माला येताना घड्याळाकडे कोण बघत बसणार? बायका वेळ सांगायच्या ती भोवतालच्या गोष्टींवरून. कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा, शाळा सुटली तेव्हा, म्हशीची धार काढून झाली तेव्हा. आबा यातल्या एकेका पुराव्याची उलटतपासणी घेतात. म्हैस कुणाची होती, धारेला कोण बसत होतं, शाळा शनिवारची होती का, हे सगळं त्यांना लागतं. पत्रिकेतलं पहिलं घर दोन तासांनी बदलतं आणि ते बदललं की सगळे ग्रह आपापली घरं सोडून शेजारी राहायला जातात, असं ते समजावून सांगतात. ऐकणारा मान हलवतो आणि मनात दुसऱ्या ज्योतिषाचा पत्ता आठवतो.

एकदा पिंपळीतल्याच एका शेतकऱ्यानं सांगितलं की आपली लेक सकाळची इंदापूर गाडी फाट्यावरून गेली तेव्हा झाली. आबांना एवढं पुरे झालं. दुसऱ्या दिवशी ते बारामतीच्या एसटी डेपोत कंट्रोलरसमोर उभे, चोवीस वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी ती गाडी वेळेवर होती का, हे विचारायला. कंट्रोलरला आधी वाटलं कुणाचं सामान राहिलंय. मग तो म्हणाला की आबा, आजची गाडी टायमात हाय का न्हाय ते मला सांगता येईना, आन् तुमी चोवीस वर्षांमागचं इचारताय. आबा खचले नाहीत. त्या मार्गावरचा निवृत्त ड्रायव्हर त्यांनी इंदापुरात हुडकून काढला. ड्रायव्हरला तो मंगळवार आठवत होता, कारण त्या दिवशी टायर पंक्चर झाला होता. या शोधात सतरा दिवस गेले. तोवर त्या मुलीचं लग्न ठरून, कार्यालय मिळून, मुहूर्तही लागून गेला होता. आबा पंगतीत वाढत असलेल्या तिच्या बापापाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, “गाडी पंचवीस मिनटं लेट व्हती. नक्षत्र बदललं. तीन गुण वाढले, काळजी करू नगंस.” बापानं त्यांच्या पानात आणखी एक जिलबी वाढली.

हल्ली त्यांच्याकडे मुलंमुली स्वतःच येतात, आईबापांना न सांगता. मार्केट यार्डाजवळ सलीमभाईंचं वह्यापुस्तकांचं दुकान आहे, तिथल्या बाकावर आबा बुधवारी बसतात. मोबाइलवर गुण बघून, घाबरून आलेली जोडपी असतात. आबा मोबाइलकडे बघत नाहीत. दोन्ही पत्रिका लांब वहीत शेजारी शेजारी मांडतात, मग एकदा पत्रिकांकडे आणि एकदा समोरच्या दोघांकडे बघतात आणि जे सांगतात ते कुठल्या ग्रंथात असेल असं मला वाटत नाही. एका मुलाला म्हणाले, “हिचा चंद्र चौथ्या घरात हाय. ही रुसली की आईकडं जाणार. तू आपला गाडीत पेट्रोल भरून ठिवत जा.” दुसऱ्या एका मुलीला सांगितलं की याचा बुध असा आहे की हा भांडणात उत्तर देणार नाही, चार दिवसांनी देईल, तर तोवर तू विषय विसरू नकोस. नको म्हणून त्यांनी कुणाला परत पाठवल्याचं मी ऐकलेलं नाही. सलीमभाई गल्ल्यावरून हे सगळं ऐकत असतात. ते म्हणतात, “आबा, आमच्यात पत्रिका न्हाय, गुण न्हाईत, काय न्हाय. पर भांडणं तुमच्यापेक्षा एकबी कमी न्हाय.” आबा म्हणतात, तुमच्या जन्मवेळा आणून द्या, कारण सांगतो. सलीमभाई दर वेळी एक नवी लांब वही त्यांच्यापुढे टाकतात आणि गिऱ्हाइकाकडे वळतात.

माझ्या लग्नाचे गुण आबांनीच जुळवले. छत्तीसातले एकतीस. माझी वेळ दवाखान्याच्या कागदावरची, नवऱ्याचीही तशीच, पुरावा दोन्हीकडून पक्का. आबा इतके खूश की वडिलांना म्हणाले, असा कागद वर्षातून एखादाच येतो. आठव्या वर्षी नवऱ्यानं पुण्याला बदली घेतली आणि तो तिकडचाच झाला. त्यात भांडण नव्हतं, आरडाओरडा नव्हता. एके दिवशी लक्षात आलं की मी स्वयंपाकाचं प्रमाण कमी केलंय. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी साडेदहाला आबा आले, चहा घेतला, अर्धा तास वर्तमानपत्र वाचलं आणि गेले. पुढच्या रविवारी पुन्हा आले. याला आता चौदा वर्षं झाली. त्या गुणांबद्दल ते एकदाच बोलले, तेही चपला घालता घालता: “माझं गणित बरोबर व्हतं गं. तरी बी मी चुकलो.”

स्वतः लग्न का केलं नाही, याचं आबांचं उत्तर दोन शब्दांचं आहे. “अष्टमात मंगळ.” आठव्या घरातला मंगळ जोडीदाराच्या जिवावर उठतो म्हणतात. तरुणपणी त्यांनी शेळगावची एक मुलगी पाहिली होती, दोन्ही घरांना पसंत होती, मुलीचे वडील मंगळाकडे कानाडोळा करायलाही तयार होते. पण आबांनीच नकार दिला. मुलगी जगली पाहिजे म्हणून. ही गोष्ट माझी आई फार आदरानं सांगायची. मी लहानपणापासून ती ऐकत आले आणि नंतरच्या वर्षांत मला आबांचा थोडा हेवाही वाटू लागला. एकटं राहणं आम्हा दोघांच्याही वाट्याला आलं. पण त्यांच्याजवळ त्याचं कारण होतं, ग्रहाच्या आणि घराच्या नावासकट. मला कुणी विचारलं तर मी विषय बदलते.

यंदा उन्हाळ्यात आबांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. उजव्याचा अजून काढायचा आहे. वाचायला त्रास होतो म्हणून त्यांनी आपल्या एकोणीस लांब वह्या रिक्षात घालून माझ्याकडे आणल्या आणि म्हणाले, याची एक यादी करून दे. कुणाकडे जायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. किराण्याची, औषधांची, कपाटातल्या साड्यांची, दुरुस्तीला दिलेल्या वस्तूंची, सगळ्यांच्या याद्या माझ्याकडे आहेत, आणि त्या याद्या कुठल्या वहीत आहेत याचीही एक यादी आहे. मी रकाने आखले. नाव, गाव, तारीख, वेळ, आणि शेवटचा रकाना अर्थातच “वेळेचा पुरावा”. रोज संध्याकाळी एक तास, असं काम धरलं.

रकान्यांचा एक गुण असा की ते न विचारलेलंही सांगतात. चौथ्या वहीपर्यंत आले तेव्हा दिसलं की ज्यांच्या पुराव्यात “कारखान्याचा भोंगा” आहे ते सगळे दिवाळी ते चैत्र या काळात जन्मलेले आहेत. ते बरोबरच होतं. भोंगा वाफेवर वाजायचा. ऊस गाळायचा हंगाम संपला की बॉयलर थंड, वाफ नाही, भोंगा नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वेळ सांगायला एसटी आणि म्हशीच. या नियमाला सबंध यादीत एकच अपवाद निघाला. जन्म नागपंचमीचा, गाव पिंपळी, वेळ दुपारी चार, पुरावा चारचा भोंगा. नाव आबांचं होतं.

मी तीन वेळा ताडून पाहिलं. भर श्रावणात वाजलेल्या भोंग्यावर मांडलेला तो मंगळ, आणि त्या मंगळावर काढलेलं सबंध आयुष्य. हे त्यांना सांगायचं की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. सांगण्याच्या बाजूची कारणं एका कागदावर लिहिली, न सांगण्याच्या बाजूची दुसऱ्यावर. दुसऱ्यावर एकच लिहिलं गेलं: त्यांच्याजवळ कारण आहे, ते राहू दे. ठरवलं, गप्प बसायचं. आणि एकोणिसाव्या वहीच्या शेवटच्या पानावर मला बारा पत्रिका सापडल्या, लहान लहान, नीट ओळीत मांडलेल्या. बाराही एकाच तारखेच्या, त्याच नागपंचमीच्या, दर दोन तासांची एक. खाली आबांच्या अक्षरात लिहिलं होतं: पाच पत्रिकांत मंगळ, सातांत नाही.

रविवारी साडेदहाला ते आले. मी चहा ठेवला आणि ते पान उघडून समोर ठेवलं. त्यांनी ते डोळ्याजवळ नेलं नाही. न वाचताच ओळखलं.

“कधी कळलं?” मी विचारलं.

“नोकरीला लागलो त्याच वर्साच्या नागपंचमीला. टाइम ऑफिसात एकटा बसलो व्हतो. चार वाजलं. भोंगा न्हाय. आन् मग डोस्क्यात आलं.” त्यांनी समोरचा रिकामा कप बशीत फिरवला. “जलमभर भोंगा ऐकला बघ. पर तो कवा वाजत न्हाय, ते कवा ध्यानात आलं न्हाय.”

घरी जाऊन त्यांनी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, मग तो भोंगा तुझ्या थोरल्या भावाचा असंल बाबा, तू झालास तवा चुलीवर भात व्हता एवढंच ठावं हाय. भात सकाळचा की संध्याकाळचा, ते तिला सांगता येईना. का विचारतोय, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही.

“आणि शेळगाव?”

“तिचं लगीन मे महिन्यात झालं व्हतं. सोलापूरकडं दिली.”

मग मी न राहवून म्हटलं की आबा, तुम्ही दुसरी मुलगी पाहू शकला असतात. मंगळ आहे असं सांगत राहायचं कारण काय होतं?

“एकीला मंगळ सांगून परत धाडली. मग दुसरीला कुठल्या तोंडानं सांगायचं, की आता मंगळ न्हाय?” ते म्हणाले. “आन् मंगळ हाय म्हणलं की लोक फुडचं काय इचारत न्हाईत. लई सोपं पडतं.”

मी चहा ओतला. दोघांनी तो निम्मा प्यायला. बाहेर भाजीवाला येऊन गेला. आबांनी ती वही मिटली, तिच्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता बोलले.

“शेळगावला नकार द्यायला मी सोताच गेलो व्हतो. ती आत व्हती. दाराशी आली आन् एवढंच म्हणाली, वेळेला पुरावा काय? आईला एकदा नीट इचारा.” त्यांनी वही बाजूला सारली. “मी म्हणलो, भोंगा चुकत न्हाय.”

ज्या प्रश्नावर आम्ही सगळे इतकी वर्षं हसत आलो, जो प्रश्न घेऊन ते डेपोत गेले, पंक्चर शोधत इंदापूरला गेले, तो त्यांचा नव्हताच. तो तिचा होता. त्या दिवशी दारात त्यांनी ऐकून घेतला नाही, म्हणून ते त्यानंतर तो प्रत्येकाला विचारत राहिले.

जाताना मी त्यांना विचारलं, यादीत काय लिहू. ते म्हणाले, वेळ खोड, पुराव्याचा रकाना कोरा ठेव. मी तसं केलं. एकोणीस वह्यांच्या यादीत कोरा राहिलेला तेवढाच एक रकाना आहे, आणि कोरा रकाना मला सहसा सहन होत नाही.

कारखाना आणि त्याचा भोंगा सध्या बंद आहेत, दिवाळीनंतर सुरू होतील. तोवर चार वाजले की मी ग्रंथालयातून आबांना फोन करते. माझ्या रोजच्या कामांच्या यादीत ते आता लिहून ठेवलं आहे: चार, आबा. ते हॅलो म्हणत नाहीत. पलीकडे घड्याळाला किल्ली दिल्याचा बारीक आवाज येतो आणि मग ते म्हणतात, “दोन मिनटं लेट झालीस.” मी म्हणते, बरं आबा. आणि आम्ही दोघंही थोडा वेळ फोन ठेवत नाही.