तिसरा तुकडा

दुकानात आला की तो आधी काउंटरवरचे सगळे मोबाइल पालथे घालायचा. माझा, गिऱ्हाइकाचा, कुणी चार्जिंगला लावलेला असेल तर तोही. मग स्टूल ओढून म्हणायचा, "आता बोल." आणि बोलायचं काय, तर कारखान्यातला चहा पातळ झालाय आणि रिहे गावात यंदा भात बरा आलाय. असल्या गोष्टी कोण चोरून ऐकणार, असं मी विचारलं की एकच उत्तर ठरलेलं. "ज्याचं त्येच्यापाशी ऱ्हावं. बाकी काय न्हाई."

उरवड्याच्या रस्त्याला माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. तो जवळच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. भंगारात निघालेले कॉम्प्युटर घरी नेऊन, खोलून, जोडून तो स्वतःच शिकला होता. त्याच्या फोनमध्ये लोक वापरतात त्यातलं काहीच नव्हतं. फोटो असोत, कागद असोत, घरातल्या माणसांचे निरोप असोत, सगळं त्यानं स्वतः जुळवलेल्या एका यंत्रात ठेवलेलं असायचं. ते यंत्र फराळाच्या स्टीलच्या डब्यात बसवलं होतं आणि वायर बाहेर काढायला डब्याला भोक पाडलं होतं. कंपन्यांच्या दारात आपलं सामान ठेवायचं आणि वर त्यांनाच मालक म्हणायचं, हे त्याला पटत नसे. गाव त्याला कुलूप म्हणायचं. हे नाव मी ठेवलं होतं. मला त्याचा बरीच वर्षं अभिमान होता.

बिघडलेल्या झेरॉक्स मी शेजारच्या वडापावच्या गाडीला रद्दीत द्यायचो. एकदा तो तेलानं पारदर्शक झालेला कागद घेऊन आला आणि माझ्यापुढे पसरला. कुणाचं तरी आधार कार्ड होतं, फोटोवर चटणी लागलेली. "ह्या बाबाची जन्मतारीख मला वड्यासंगं फुकट मिळाली," तो म्हणाला. मी हसलो. तो हसला नाही. कागदावरचा पत्ता शोधत तो सुट्टीच्या दिवशी पार रिह्याला गेला आणि त्या म्हाताऱ्याला तो तेलकट कागद परत देऊन आला. म्हाताऱ्याला वाटलं, वडापावचे पैसे मागायला आलाय. ही गोष्ट मी वर्षभर गिऱ्हाइकांना रंगवून सांगितली. तो मात्र त्यानंतर दर शनिवारी यायचा आणि माझी रद्दी बसून फाडायचा. बारीक, लाडवाचा चुरा करावा इतकी बारीक. मी त्याला पगार देत नव्हतो आणि चहाही दुसऱ्यांदा विचारत नव्हतो.

त्याला एकच मुलगी होती. लवळ्याच्या कॉलेजात शिकायची. बापासारखीच हडकुळी, पण बोलायला तिखट. त्याला माझ्यादेखत म्हणायची, "पप्पा, तुमची माहिती चोरून कंपनी रडत बसेल." तो खूश व्हायचा. ती बसमधून आईला आवाजी निरोप पाठवायची. भात लाव, मी पोचतेय. छत्री विसरले, आता ओरडू नकोस. असलेच.

ती तापानं गेली. आठ दिवसांत.

पुढचं मी मुद्दाम सांगतो, म्हणजे तो वेडा नव्हता हे तुम्हाला कळेल. तिच्या इंटरनेटवरच्या पानावर तिला न ओळखणारी माणसं येऊन रडायला लागली. ती ज्या क्लासला जायची त्यांनी तिचा फोटो लावून श्रद्धांजली वाहिली आणि खाली 'प्रवेश सुरू' असं लिहिलं. मग तिचा वाढदिवस आला, तर फोन सगळ्यांना शुभेच्छा द्यायची आठवण करून द्यायला लागला, आणि चार-सहा जणांनी दिल्याही. त्यानं पंधरा दिवस रजा काढली. तिचं जे जिथं होतं ते सगळं उतरवून आपल्या डब्यात घेतलं, आणि तिकडचं एकेक खातं कायमचं पुसून टाकलं. आता ती फक्त त्याच्या घरात होती. डबा बिघडला तर काय, म्हणून त्यानं तसेच आणखी दोन डबे केले. एक रिह्यात बहिणीकडे, एक पिरंगुटला मेव्हण्याकडे ठेवला. तिन्ही डबे आपसात बोलायचे, पण कुलूप तिन्हींना एकच.

रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की तो डबा उघडायचा आणि वैनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, तिचा एक निरोप ऐकवायचा. रोज एकच. पुरवून पुरवून. पासवर्ड त्याच्या डोक्यात होता. वैनींना सांगितला नव्हता. "हिला सांगितला तर ही पोरीच्या मावशीला सांगनार," म्हणायचा.

पण आपल्यामागं काय, ही काळजी त्याला होतीच. त्यासाठी त्यानं किल्लीचे तीन तुकडे केले. एकेका तुकड्यात इंग्रजी शब्दांची माळ, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. कुठलेही दोन तुकडे जोडले की डबा उघडणार, एकट्यानं काही होणार नाही. एक तुकडा वैनींना, एक शेजारच्या गिरणीवाल्या काकूंना, एक मला. माझ्याच मशीनवर तिन्ही कार्डं लॅमिनेट करून घेतली आणि त्यातलं एक माझ्यापुढे ठेवलं.

"इस्वास हाय म्हनून देत न्हाई," तो म्हणाला. "तुजं दुकान कुटं पळून जात न्हाई म्हनून देतोय. कुनाला दावू नको."

तो गेल्यावर मी त्या कार्डाचा फोटो काढून स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, 'कुलपाची किल्ली सापडली हो!' पुष्कळ जण हसले. माझा तो दिवस चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुणीतरी त्याला ते दाखवलं. संध्याकाळी तो दुकानात आला, मोबाइल पालथे घातले, पातळ चहाबद्दल बोलला आणि गेला. स्टेटसबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी समजलो, त्यानं मनावर घेतलं नाही. त्यानंतर तो कधी काही लॅमिनेट करायला आला नाही, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मला वाटलं, काम नसेल. पुढं मला थोडी लाज वाटली आणि मी ते कार्ड गल्ल्याखालच्या कप्प्यात नीट जपून ठेवलं. दोन वर्षं जपलं.

मग त्याला कारखान्यातच झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे एक शब्द राहिला, 'पाणी'. भूक लागली तरी पाणी, दुखलं तरी पाणी, माणूस ओळखला तरी पाणी. पासवर्ड सांभाळणारं डोकं जागच्या जागी होतं, आत मात्र कुणी झाडून नेल्यासारखं झालं होतं.

पुण्याच्या हॉस्पिटलातून त्याला घरी आणलं तेव्हा वैनींना मुलीचा आवाज ऐकून महिना झाला होता. डबा उघडतो का बघा, असा मला निरोप आला आणि मी धावत गेलो. हो, धावत. कार्ड खिशात होतं आणि आज आपण कुणीतरी आहोत असं मला वाटत होतं. मी वैनींचा तुकडा भरला, मग माझा भरला. डबा उघडला नाही. पुन्हा एकेक अक्षर तपासून भरला. तो खुर्चीत बसून बघत होता. त्यानं डाव्या हातानं माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं, बघितलं आणि मला परत दिलं. दुकानदारानं खोटी नोट परत द्यावी तसं, न चिडता.

वैनी चहा ओतत होत्या. त्यांनी वर न बघता सांगितलं.

"तुमचं चालायचं न्हाई, भावजी. तुमी फोटू टाकला त्या रातीच त्यांनी किल्ली बदलली. नवे तीन तुकडे केले."

"मग माझ्या जागी कोण?"

"कुनी न्हाई. तिसरा इस्वासाचा मानूस गावात घावंना, म्हनून तिसरा तुकडा त्यांनी पाठ केला."

मी त्याच्याकडे बघितलं. "पाणी," तो म्हणाला.

राहिल्या गिरणीवाल्या काकू. त्यांना बोलावलं. काकू आंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन आल्या, हातात पितळी ताट. नवा तुकडा देताना त्यानं सांगितलं होतं, देवासारखं जपा. काकूंनी देवासारखंच जपलं होतं. पाकीट फोडून आतला कागद देवघरात देवाच्या टाकासमोर मांडला होता. रोज त्याला हळद, कुंकू, फूल. सणाला दुधाचं बोट. "येक दिस चुकवला न्हाई," काकू म्हणाल्या. ताटात एक लालपिवळी जाड पापडी होती. ओल्या फडक्यानं पुसली तर कागदच लगदा होऊन आला. शाईचा एक निळा डाग दिसला, शब्द एकही नाही.

साधा कागद होता तो. लॅमिनेट केलेला नव्हता. उरवड्यात लॅमिनेशनचं मशीन एकाच दुकानात आहे.

काकूंना कुणी रागावलं नाही. त्यांना काय झालं तेच उमगत नव्हतं. त्या विचारत राहिल्या, माझं काही सोवळं चुकलं का.

मग मी एक उद्योग केला. असल्या किल्ल्यांचे शब्द ज्या यादीतून निघतात ती लांबलचक यादी मी छापून आणली आणि रोज दुपारी दुकान बंद ठेवून त्याला एकेक शब्द वाचून दाखवायला लागलो. त्याच्या तुकड्यातला शब्द आला की मान हलवायची, असं ठरवलं. पहिल्या शब्दाला त्यानं मान हलवली. मला भरून आलं. दुसऱ्या शब्दाला हलवली. तिसऱ्यालाही. प्रत्येक शब्दाला तो मान हलवायचा, डोळे मोठे करून, शाळेतल्या हुशार मुलासारखा, आणि वैनी प्रत्येक वेळी पदराला हात पुसून पुढं यायच्या. चार दिवस मी हे चालवलं. पाचव्या दिवशी वैनींनीच माझ्या हातातली यादी घेतली आणि गादीखाली सारली. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकतो.

उन्हाळा संपायच्या आत तो गेला.

तेराव्यानंतर वैनींचा भाऊ पिरंगुटहून आला. आता डबे चालू ठेवून काय उपयोग, तो म्हणाला. स्वतःकडचा त्यानं केव्हाच बंद केला होता. वैनींनी मला बोलावून घेतलं. डबा कपाटावर होता, भोकातून बारीक हिरवा दिवा दिसत होता. भाऊ प्लगपाशी उभा. वैनी मधे उभ्या राहिल्या आणि मला विचारलं, कारण गावात कॉम्प्युटरचं कळणारा आता मीच उरलो होतो.

"भावजी, उघडत न्हाई ते कळलं मला. पर ती आत हाय नव्हं?"

मी हो म्हणालो. ते खरं होतं.

"मग ऱ्हाऊ द्या," वैनी म्हणाल्या, आणि भावाच्या हातावर हात ठेवून त्यांनी तो प्लगवरून बाजूला केला.