चौथी हाक

"जरा पेन वर धरा, मॅडम. आलोच."

असं म्हणून ते दाराबाहेर पडायचे आणि मी कागदापासून चार बोटं वर पेन धरून बसून राहायची. आमच्या तालुक्याच्या कचेरीत जमिनीच्या तक्रारींची सुनावणी चालते. मी तिथली कारकून, ते शिपाई. ज्याची तारीख असेल त्याच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आलं नाही, तर मी 'गैरहजर' लिहून पुढचा कागद घ्यायचा. पण या गृहस्थांकडे नेहमी एक चौथी हाक शिल्लक असायची. ती मारायला ते व्हरांड्यात जायचे, पाण्याच्या टाकीपाशी जायचे, वेळ पडली तर समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचे.

खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा. टेबलावर हा एवढा गठ्ठा, साहेबांचा पारा चढलेला आणि हे आपले निवांत हाका मारत फिरतायत. तुम्हीही कधी ना कधी सरकारी बाकावर ताटकळला असाल. असा शिपाई तुम्हाला भेटला असता तर तुम्ही विसरला नसता.

त्यांना सगळे भाऊच म्हणायचे. पुकाऱ्याच्या कागदावर माणसाचं नुसतं नाव असायचं. भाऊ त्याला गाव जोडायचे, बाई किंवा बुवा जोडायचे आणि वर 'जी' लावायचे. तक्रार करणारा जी आणि ज्याच्यावर तक्रार तोही जी. एवढं कशाला, असं मी एकदा वैतागून विचारलं.

"सरकारदारी मानूस आधीच अर्धा होऊन येते, मॅडम. हाक तरी त्याले पुरी मारा लागते."

भाऊ ख्रिस्ती होते. रविवारी वर्ध्याला उपासनेला जायचे, आणि नाताळात त्यांच्या घरच्या करंज्यांचा डबा टेबलावर आला की आम्ही दहा मिनिटांत फस्त करायचो. धर्माबद्दल ते आपणहून कधी बोलले नाहीत. एका कंटाळवाण्या दुपारी मीच खोदून विचारलं, तेव्हा कळलं की त्यांना पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, व्हायचं होतं. त्यांच्यात देवाच्या बोलावण्याला पाचारण म्हणतात. तरुणपणी त्यांनी अर्ज केला, 'मला पाचारण झाले आहे' असं लिहिलं. मुलाखतीत चर्चच्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, कशावरून? भाऊंना ते सांगता आलं नाही आणि अर्ज परत आला. पुढे वडील वारले आणि त्यांच्या जागी शिपायाची नोकरी लागली.

"वाईट वाटतं का हो भाऊ?"

"वाटे ना, लय वाटे. मंग एक दिवस पुकारा करता करता ध्यानात आलं. पाळकाचं काम काय? एकेकाले नावानं हाक मारनं. मंग मी काय वेगळं करून राह्यलो?"

मी हसले. छान समजूत काढलीय स्वतःची, असं मनात म्हटलं. माझं ते हसू मला पुढे फार टोचलं.

रोहण्याच्या एका बाईची सुनावणी होती. नवरा वारला होता आणि शेतावर वारस म्हणून तिचं नाव लागू नये अशी दिराची हरकत होती. आधीच्या दोन्ही तारखांना ती गैरहजर. ही शेवटची. आज आली नाही तर निकाल तिला न ऐकताच लागणार होता. दीर वकिलासकट समोर बसलेला.

"रोहण्याच्या सुशीलाबाई, हाजिर व्हा जी!" एकदा झालं, दोनदा, तीनदा. कोणी हललं नाही. साहेब म्हणाले, "लिहा." मी 'गै' लिहिलं.

"पेन वर धरा, मॅडम."

"भाऊ, तुम्ही शिपाई आहात, वकील नाही!" साहेब ओरडले. भाऊ तोवर बाहेर गेले होते.

व्हरांड्यातल्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घट्ट धरून सकाळपासून बसली होती. उघड्या दारातून मला ती दिसत होती. मी येता-जाता चारदा तिच्यासमोरून गेले होते. भाऊ तिच्यापुढे वाकले.

"बाई, तुमचं नाव काय जी?"

ती गोंधळली. "कोनतं? मायेरचं का सासरचं?"

"दोनी सांगा ना."

"मले सारे बेबीच म्हनते. सासरचं सुशीला होय. लग्नात तांदळावर लिवलं होतं जी, मंग कोनी घेतलंच नाई."

आधीच्या दोन्ही तारखांना ती आली होती. पहिल्या एसटीनं यायची, दिवसभर त्याच बाकावर बसायची आणि आपल्याला कोणी बोलावलंच नाही म्हणून परत जायची. दोन्ही वेळा भाऊ रजेवर होते आणि बदली शिपायाच्या पुकाऱ्यानंतर 'गैरहजर' मी लिहिलं होतं. पेन एकदाही वर न धरता.

भाऊ दारात येऊन उभे राहिले. "साहेब, नाव आत हाय, बाई बाहेर हाय. दोघींची भेट करून द्या."

साहेबांनी बाईंसाठी खुर्ची मागवली. मी 'गै' खोडलं. त्या दिवशी बेबीबाई बोलल्या, आणि पुढच्या तारखेला शेतावर त्यांचं नाव लागलं.

मी भाऊंची माफी मागितली. ते म्हणाले, "आमच्या शास्त्रात देवानं एका लेकराले हाक मारली. तीन डाव त्याले उमगलंच नाई कोन बोलावते. चौथ्या डावाले उमगलं. देव तिसऱ्यावर थांबला नाई, मॅडम. आपन काऊन थांबावं?"

त्यांच्या निरोप समारंभात साहेबांनी माइकवरून त्यांचं पूर्ण नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. भाऊंचा पत्ता नाही. सगळे हसायला लागले. मी बाहेर गेले, तर हे व्हरांड्यात कोणा म्हाताऱ्याला तारीख समजावून सांगतायत.

"भाऊ, तुमचं नाव पुकारतायत केव्हाचे!"

"माहं? कोनतं?" म्हणाले, आणि मग स्वतःच खळखळून हसले.

मागच्या हिवाळ्यात वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या घरी ते वारले. दफनाला बेबीबाई तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आल्या होत्या. दरवर्षी भाऊंसाठी आणायच्या, या वर्षीही आणली. पाळकांनी प्रार्थनेत भाऊंचं पूर्ण नाव घेतलं, तेव्हा बेबीबाईंनी मला हळूच विचारलं, "हे कोन होय?" मी नुसतं पेटीकडे बोट दाखवलं.

आता कचेरीत स्पीकर बसलाय. तो बरोबर तीनदा नाव घेतो आणि गप्प होतो. नवा शिपाई म्हणतो, "लिहा मॅडम, गैरहजर." मी पेनाला टोपण लावते, गुडघ्यावर हात टेकून उठते आणि व्हरांड्यात जाते. माझा आवाज भाऊंसारखा नाही, चिरका आहे. गाव जोडते, बाई जोडते, जी लावते. आणि अजूनही कधी कधी बाकाच्या टोकाकडून कोणीतरी दचकून म्हणतं, "हाव जी, मीच होय."