हरणांच्या आठवड्यातली मोजणी

आर्डिथ केफार्टच्या खात्यात टाचणीसुद्धा परवानगीशिवाय खाली पडत नाही, असं टॅनर्स गॅपच्या डेपोत म्हणायचे. डेपो लष्कराचा, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत, आणि त्यातलं शिवणखातं आर्डिथचं. तंबू, पॅराशूटचे पट्टे, जखमींना उचलायच्या झोळ्या, सगळं फाटून यायचं आणि शिवून जायचं. चव्वेचाळीस बायका, चव्वेचाळीस मशिनी. निम्म्या बायका आर्डिथला घाबरायच्या आणि उरलेल्या तिच्या कुठल्या ना कुठल्या नात्यात होत्या. लहान गावात दुसरं काय होणार.

एकोणिसाव्या वर्षी ती इथे मशीनवर बसली. नवरा लाकडं वाहणाऱ्या गाडीखाली सापडून गेला तेव्हा ती चाळिशीची होती आणि तेराव्या दिवशी कामावर हजर होती. पुढे सुपरवायझर झाली. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर ‘उत्तम निगा’ची नऊ पदकं टांगलेली होती आणि ती तिनं फुकट मिळवलेली नव्हती. वरून तपासणी येणार म्हटलं की दोन दिवस आधी खात्यात लग्नघरासारखी धांदल उडायची. तपासणीवाल्यांचा एक ठरलेला राग होता, तो म्हणजे जास्तीचं सामान. वापरात नसलेली एक खुर्ची जरी दिसली तरी अहवालात ठपका. म्हणून ज्यावर त्या दिवशी माणूस बसलेला नाही ते सगळं मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचं, आणि तपासणीवाले गेले की परत यायचं. तीस वर्षं हेच चाललं होतं, आणि ते चूक आहे असं कोणालाही कधी वाटलं नाही.

तिच्या भावाची बायको वेल्मा शुगर्ट्‌स खात्यात उशिरा आली, त्रेचाळिसाव्या वर्षी. आर्डिथचा भाऊ मर्ल कोळशाच्या खाणीत होता. खाणीनं त्याची फुप्फुसं खाल्ली आणि त्याला घरी पाठवून दिलं. आता नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं. त्याच्या औषधांचा विमा वेल्माच्या नोकरीवर होता. स्पष्टच सांगायचं तर मर्लचा श्वास वेल्माच्या शिलाईवर चालला होता.

२००५च्या मे महिन्यात बंद होणाऱ्या तळांची यादी आली आणि तीत टॅनर्स गॅपचं नाव होतं. गाव महिनाभर सुतकात असल्यासारखं होतं. मग कळलं की शिवणखातं मोडणार नाही, ते दक्षिणेला अकराशे मैलांवरच्या एका तळावर जाणार. तिथे त्याच्यासाठी नवी इमारत बांधणार आणि ज्या बायका यायला तयार असतील त्यांना नोकरीसकट नेणार. पुष्कळ जणींनी नाकं मुरडली. वेल्मानं मात्र त्याच संध्याकाळी नकाशा काढला. डॉक्टर केव्हापासून सांगत होते की मर्लला उबदार हवा हवी. मर्ल म्हणाला, “मरायच्या आधी एकदा तरी जानेवारीत कोट न घालता अंगणात बसेन म्हणतो. मग खुशाल मरतो.”

“तुला मरायला अकराशे मैल कशाला जायला हवं?” आर्डिथ म्हणाली. पण त्यांच्या घरून निघताना तिनं वेल्माचा हात धरून सांगितलं, “मी खातं जसंच्या तसं नेणार. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस. माझा शब्द आहे.”

आर्डिथ शब्द फार जपून देत असे. म्हणूनच पुढचं सगळं सांगताना जीभ जड होते.

नवी इमारत किती मोठी हवी ते डेपोच्या कचेरीनं लिहून पाठवलं. पण लिहिलं म्हणून कोणी इमारत बांधत नाही. ती मागणी खरी आहे का हे जागेवर जाऊन मोजायला लष्कराचा ऑडिटर येतो. त्याचं पत्र आलं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या मंगळवारी येतो, असं त्यात होतं. कचेरीतल्या बाबू लोकांनी ते पत्र तसंच आर्डिथकडे सरकवलं आणि आपापल्या बंदुका पुसायला लागले. कारण थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी आमच्याकडे शाळासुद्धा बंद असते. खात्यातल्या तेवीस जणी आठवडाभर रजेवर गेल्या. काही स्वतः बंदूक घेऊन, काही रानातल्या झोपडीवर नवऱ्यांना रांधून घालायला. मर्लला आता डोंगर चढता येत नव्हता, म्हणून वेल्मा कामावर होती.

सोमवारी सकाळी आर्डिथनं खात्यावर नजर फिरवली. एकवीस बायका आणि तेवीस रिकाम्या मशिनी. उद्या साहेब येणार आणि मधोमध हा एवढा पसारा! तिनं बाह्या सरसावल्या. दिवसभर त्या मशिनी टेबलांसकट मागच्या शेडमध्ये गेल्या. बहुतेक आर्डिथ आणि वेल्मानंच वाहिल्या, एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. “गुडघ्यातून उचल, पाठीतून नको,” आर्डिथ दर खेपेला सांगायची, आणि वेल्मा दर खेपेला म्हणायची, “हो गं बाई, हो.” छतावरून लोंबणाऱ्या तेवीस वायरी गुंडाळून वर बांधल्या. जमिनीला मेण लावून अशी घासली की तीत दिवे दिसायला लागले.

मंगळवारी मिस्टर डॉर्सेट आले. लांबच्या शहरातले, सडपातळ, मऊ बोलणारे. वेल्मानं घरून गॉब आणले होते, मध्ये क्रीम भरलेले चॉकलेटचे गोल केक. त्यांनी हात जोडल्यासारखं करून नको म्हटलं, नियमात बसत नाही. कॉफीसुद्धा स्वतःच्या थर्मासमधली प्यायले. मग चाकाच्या टेपनं भिंती मोजल्या, मशिनी मोजल्या, फोटो काढले. एकदा मान वर करून बांधलेल्या वायरींकडे पाहिलं आणि आर्डिथकडे वळले.

“मिसेस केफार्ट, कामाला लागणारी सगळी यंत्रं इथे आहेत ना? आणखी कुठे काही ठेवलंय?”

शेड उघडून दाखवावी लागली तर दहावं पदक गेलंच. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला शंभरदा विचारला गेला होता आणि उत्तर तोंडपाठ होतं.

“जे लागतं ते समोर आहे, साहेब. माझ्या खात्यात जास्तीचं काही सापडायचं नाही.”

‘मोजणी माझ्यासमोर झाली’ असं लिहिलेल्या कागदावर तिनं सही केली. वळणदार, ठसठशीत सही. डॉर्सेटनी जाताना म्हटलं की इतकं नीटनेटकं खातं मी पाहिलं नाही. आर्डिथ तो दिवसभर हवेत होती.

तपासणी आणि ऑडिट यांतला फरक तिला कोणी सांगितलाच नव्हता. तपासणीवाल्याला जास्त दिसलं की ठपका, ऑडिटरला कमी दिसलं की काट. हजेरीपटावर चव्वेचाळीस नावं होती, पण इमारत नावांवर बांधत नाहीत, मशिनींवर बांधतात. पुढच्या सोमवारी बायका हरणाचं मांस वाटत परत आल्या, मशिनी शेडमधून जागेवर आल्या, आणि खातं पुन्हा खडखडायला लागलं.

मार्चमध्ये अहवाल आला. शिवणखात्याची गरज एकवीस यंत्रांपुरती सिद्ध होते, सबब इमारत निम्म्यानं कमी करावी. खाली तिचं नाव होतं, मोजणी हिच्या उपस्थितीत. आर्डिथनं ते पान तीनदा वाचलं. मग ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. बाहेर कोणाला ऐकू जायला नको होतं.

तिनं दडवलं मात्र नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिनं डॉर्सेटना फोन करून हरणं, शेड, मेण, सगळं सांगितलं.

“मिसेस केफार्ट, मी तुम्हाला विचारलं होतं,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग असता तर तिला बरं वाटलं असतं. मग त्यांनी सांगितलं की तुमच्या कर्नलचं एक पत्र आणा, मी माझ्या सुट्टीतसुद्धा येऊन पुन्हा मोजीन.

पण डेपोचा नवा कर्नल तीनच आठवड्यांपूर्वी आला होता आणि समोर आलेल्या प्रत्येक कागदावर, या अहवालावरही, ‘मान्य’ लिहून मोकळा झाला होता. त्याचा दुय्यम रेबक हा इथलाच माणूस. त्यानं दार लावून घेतलं. आता फेरमोजणी मागितली तर तिकडचं सगळंच बांधकाम अडेल, म्हणाला, आणि बाकीच्या तीन खात्यांतली माणसंही लटकतील. शिवाय खोट्या मोजणीवर तुझी सही आहे, हे उघडं पडलं तर पेन्शनला मुकशील. “आणि एक सांगू, आर्डिथ? हे गावात बोलू नकोस. गाव तुला माफ करणार नाही.”

ती गप्प बसली. पेन्शनसाठी नव्हे. त्या तीन खात्यांवर आणखी साठ घरं अवलंबून होती, आणि एकदा हात पोळलेल्या बाईला पुन्हा चुलीत हात घालवेना. बरोबर केलं की चूक, ते मला विचारू नका. मला फक्त एवढं माहीत आहे की त्या दिवसानंतर तिनं ती नऊ पदकं काढून खणात टाकली.

एकवीस जागा ज्येष्ठतेनं वाटल्या. वेल्माचा नंबर तिसावा. यादी आर्डिथलाच वाचून दाखवावी लागली. एकविसावं नाव वाचून तिनं कागदाची घडी घातली. वेल्मानं मान खाली घालून सुईत दोरा ओवला. घरी मर्ल म्हणाला, “जाऊ दे, मला कोट शोभून दिसतो.”

पुढची दोन वर्षं आर्डिथ दर रविवारी त्यांच्याकडे सूप घेऊन जायची आणि ओठांवर आलेलं दर रविवारी गिळून परत यायची. रात्री नव्हे, भर दुपारी गाडी चालवताना तिला रडू यायचं. ती रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायची, डोळे पुसायची आणि पुढे निघायची. निरोपाचं जेवण गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये झालं. सगळ्या जणींनी उभं राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तुझ्यामुळेच निदान निम्मं खातं तरी वाचलं, असं कोणीतरी म्हणालं. तिनं बटाट्याचं ताट बाजूला सारलं.

शेवटच्या दिवशी एकवीस मशिनी खोक्यांत बंद होऊन ट्रकवर चढल्या. उरलेल्या तेवीस भंगाराच्या लिलावाला जायच्या होत्या, तोवर मागच्या शेडमध्ये ठेवायच्या. बाकीच्या बायका एकेक करून घरी गेल्या. वेल्मा थांबली. पुन्हा एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. शेवटची मशीन वेल्माची स्वतःची होती. ती जमिनीवरून हलली तशी खालच्या जमिनीवर नऊ वर्षांच्या पायांनी झिजवलेले दोन फिके डाग दिसले.

आर्डिथनं आपलं टोक खाली ठेवलं.

“वेल्मा, त्या हरणांच्या आठवड्यात…” ती म्हणाली. “तो साहेब आला होता ना, त्यानं मला विचारलं होतं. आणि मी…”

“ठाऊक आहे,” वेल्मा म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“एकवीस हा आकडा ऐकला त्याच दिवशी कळलं. मीही तिथेच होते की, आर्डिथ. दुसरं टोक माझ्याच हातात होतं.”

“दोन वर्षं? मग बोलली का नाहीस गं?”

“तू सांगशील म्हणून वाट बघत होते. दर रविवारी.” वेल्मानं बाहीनं नाक पुसलं. “मर्लला ठाऊक नाही. त्याला कळायलाही नको. त्याला वाटतं ते सरकारनं केलं. तेवढं त्याचं राहू दे.”

आर्डिथ रडली. मोठ्यानं, तोंड न झाकता, तिच्या खात्यात कधी कोणी रडलं नव्हतं तशी. वेल्मा तिच्याजवळ आली नाही. जवळ गेलो तर आपलाही बांध फुटेल आणि मशीन तशीच राहील, हे तिला माहीत होतं. महिनाअखेरीला विमा संपणार होता, आणि आर्डिथची गाडी उद्या सकाळी दक्षिणेला निघणार होती. मग वाकून वेल्मानं आपलं टोक धरलं.

“चल,” ती म्हणाली. “गुडघ्यातून उचल. पाठीतून नको.”