तळाला भोक असलेली होडी

माझा धंदाच संशयाचा. जळगावच्या सराफ बाजारात मी सोन्याचा टंच काढतो. कोणी बांगडी पुढे ठेवली की तिची घडण किती सुंदर आहे हे मला दिसत नाही, तिच्यात तांबं किती मिसळलंय एवढंच मी शोधतो. एकतीस वर्षं हे केल्यावर माणूस लग्नाच्या पंगतीतही श्रीखंडाचा वास घेऊन बघतो. माझी बायको मोहिनी सगळ्यांना सांगत फिरते की मुलगी बघायला आलो तेव्हा मी तिच्या वडिलांकडे घराचा उतारा मागितला होता. मागितला होता. त्यात काय चुकलं?

आमचा शेजारी जब्बार माझ्या अगदी उलटा. पिंप्राळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तो मूळचा अमळनेरकडचा, त्यामुळे बोलणं पक्कं अहिराणी. चोवीस वर्षं त्यानं धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागे साचलेल्या पाण्यावर, इंजिनाची होडी चालवली. पलीकडच्या काठावरचे केळीवाले, त्यांच्या मोटारसायकली, कधी एखादी आजारी म्हैससुद्धा त्यानं अलीकडे आणली. इंजिन तो डोळे मिटून खोलायचा आणि डोळे मिटून जोडायचा. माणूस मात्र त्यानं कधी खोलून पाहिला नाही. कोणी काही सांगितलं की यानं मान हलवलीच.

मग फुगवट्यावर पूल झाला. पूल सुरू झाला त्या आठवड्यात जब्बारच्या होडीत एक म्हातारा बसला, तोही सवयीनं. पुढच्या आठवड्यात तोही बसला नाही. जब्बारनं इंजिन विकलं, होडी मासेमारांना देऊन टाकली आणि ओट्यावर येऊन बसला. पन्नाशी उलटलेला, बोलका माणूस, दिवसभर रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसायचा. मला ते बघवेना. माझ्या मावसभावाची डाळ मिल आहे, तिथे मी त्याच्यासाठी वॉचमनची जागा बोलून ठेवली. जब्बारनं मान हलवली, पण या वेळी ती हलवायला त्याला फार वेळ लागला.

तेवढ्यात कॉलेजातल्या चारुलता मॅडम आल्या. हिवाळ्यात फुगवट्यावर परदेशी पक्षी उतरतात, ते बघायला त्या दर वर्षी माणसं घेऊन येत. जब्बारच्या होडीत त्या दोनदा बसल्या होत्या, आणि दोन्ही वेळा इंजिन सुरू होताच सगळे पक्षी उडून गेले होते. त्या म्हणाल्या, "भाऊ, आवाज न करणारी होडी असेल तर आमचा गट दर रविवारी येईल. आणखीही गट येतील."

जब्बार त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. "हिलालभाऊ, माले शिडानी होडी लेवानी शे."

"शीड कधी बघितलंस तरी का?"

"फोनमा दखं."

तर अशी ही तयारी. नरडाण्याच्या एका कारखान्यात ललित नावाचा इंजिनियर होता, त्याची होडी विकायला आहे असं कोणीतरी जब्बारला सांगितलं. मी म्हटलं, मी बरोबर येतो. एकट्याला सोडलं असतं तर जब्बारनं कागदाची होडीसुद्धा घेतली असती.

सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही नरडाण्याला उतरलो. कारखान्यामागच्या शेडमध्ये होडी ताडपत्रीखाली ठेवलेली होती. चौदा फुटी, फायबरची, पांढरी. अॅल्युमिनियमची डोलकाठी, गुंडाळलेलं शीड, सुकाणू, दोन वल्ही. बाजारात नवीन होडीला जे मोजावं लागलं असतं त्याच्या पाव भागात तो माणूस ती द्यायला तयार होता. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"का विकताय?" मी विचारलं.

"माझी गुजरातला बदली झाली. तिथे पाणी जवळ नाही."

बदली! जुनी स्कूटर विकणारा प्रत्येक माणूस बदलीच सांगतो. मी होडीला नखानं ओरखडलं, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला, नाक लावून वास घेतला. "हिच्यातून कोणी बुडालंय का?" असंही विचारलं. ललित हसला. हसणारा विक्रेता मला मुळीच आवडत नाही. मग त्यानं कोपऱ्यातून एक लाकडी फळी आणली. साडेतीन फूट लांब, वॉर्निश केलेली, एका टोकाला गोलाई दिलेली. "ही विसरू नका. पाण्यात उतरलात की ही फळी..."

"ते आम्ही बघून घेऊ," मी त्याला मध्येच तोडलं. घरातला नको असलेला लाकूडफाटा गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची ही पद्धत मला ठाऊक होती. त्यानं जब्बारचा नंबर घेतला, व्हिडिओ पाठवतो म्हणाला. परतीच्या वाटेवर मी जब्बारला फोनमध्ये ललितचा नंबर ब्लॉक करायला लावला. आता हा फोन करून आणखी काहीतरी विकणार.

"मानूस चांगला दिखस," जब्बार म्हणाला.

"म्हणूनच," मी म्हटलं.

होडी टेम्पोनं पिंप्राळ्यात आली तेव्हा अर्धी गल्ली जमली. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलची बॅटरी लावून तिच्या खाली शिरलो, आणि मला जे सापडलं त्यानं एकतीस वर्षांच्या धंद्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. होडीच्या तळाला, अगदी मधोमध, हात जाईल एवढी लांब भेग होती. आरपार. वरून बघावं तर त्या जागी एक अरुंद उभी पेटी बसवलेली. माझ्या लक्षात आलं: भोक दिसू नये म्हणून वरून पेटी बसवलीय!

"जब्बार, इकडे ये. हा तुझा चांगला माणूस."

जब्बारनं वाकून त्या भोकात बोटं घालून पाहिली. त्याचा चेहरा उतरला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. फायबरच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा होता. मी त्याला बोलावलं आणि भेग आतून-बाहेरून पक्की भरून घेतली. वर उभं राहून देखरेखही केली.

पुढची सजावट माझ्याच नजरेखाली झाली. शीड दोन ठिकाणी विरलं होतं, ते मांडववाल्यांची ताडपत्री शिवणाऱ्या तानुबाईकडून शिवून घेतलं, आणि शिवण उसवते का हे बघायला तिच्यासमोरच ओढून पाहिलं. तिनं मला शिवी दिली. दोर घेताना मी दुकानात धागा जाळून नायलॉन खरं आहे का ते तपासलं. विहिरीच्या मोटारीचं सामान विकणाऱ्याकडून कप्प्या आणल्या. लाइफ जॅकेट एकेक करून दगड बांधून रात्रभर पिंपातल्या पाण्यावर सोडून ठेवली. एक बुडालं, ते परत केलं. या सगळ्यात पावसाळा आला, आणि पावसाळ्यात फुगवट्यावर कोणी होडी काढत नाही. ती लाकडी फळी मेहरुनभाभीनं, म्हणजे जब्बारच्या बायकोनं, मार्चमध्येच घरात नेली होती. ईदच्या शेवया वळायला तिला लांब पाट हवाच होता. बाजेला टेकवून तिच्यावर शेवया फार सुंदर वळल्या गेल्या, असं ती म्हणाली. आम्हीही खाल्ल्या.

दसऱ्यानंतर होडी पाण्यात उतरली. वारा मागून आला, शीड फुगलं, आणि होडी आवाज न करता निघाली. जब्बारचा उजवा हात सवयीनं मागे गेला, इंजिनाचा कान पिळायला. तिथे काही नव्हतं. तो हसला. एवढा मोकळा हसलेला मी त्याला पूल झाल्यापासून पाहिला नव्हता.

पण परत येता येईना. वाऱ्याकडे तोंड केलं की होडी पुढे जाण्याऐवजी खेकड्यासारखी आडवी सरकायची. जब्बारनं दीड महिना रोज मेहनत केली. जाताना शिडानं आणि येताना वल्ह्यानं. हाताला फोड आले. फोनवरच्या व्हिडिओंत लोक वाऱ्याच्या तोंडावरसुद्धा नागमोडी जातात, ते बघून तो तसंच करायचा आणि तसाच बाभळीच्या झुडपात शिरायचा. "माले जमत नही, भाऊ," तो म्हणायचा. मी म्हणायचो, "इंजिनाला हँडल मारलं की ते चालतं. वाऱ्याला कुठे हँडल आहे?"

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चारुलता मॅडम तिघांना घेऊन आल्या. होडी छान निघाली, पक्ष्यांच्या जवळही पोचली, एकही पक्षी हलला नाही. मी काठावरून बघत होतो. मग वारा फिरला. होडी आडवी सरकत सरकत थेट पाणथळ गवतात घुसली आणि रुतली. मासेमारांची इंजिनाची होडी बोलवावी लागली. तिच्या आवाजानं सगळे पक्षी एकदम उठले आणि गेले. मॅडम काठावर उतरल्या तेव्हा त्यांच्या सलवारीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्या रागावल्या नाहीत. "भाऊ, माणसांची जबाबदारी माझ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी एकदा शेवटचं बघते. नाही जमलं तर सोडून देऊ."

डाळ मिलमधली जागा मावसभावानं अजून अडवून ठेवली होती, पण एक जानेवारीपासून त्याला माणूस हवाच होता. मी जब्बारला तशी आठवण केली. त्यानं मान हलवली नाही.

चार दिवसांनी दुपारी तो माझ्या पेढीवर आला. आत आला नाही, दारातच उभा राहिला. त्यानं मला न सांगता ललितचा नंबर उघडून फोन लावला होता. ललित खरंच गुजरातला होता. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला होता: फळी किती खाली सोडता?

"हिलालभाऊ, ती फळी होडीनी शे," जब्बार म्हणाला. "त्या पेटीमाईन खाले पाण्यामा सोडतस. तीच होडीले आडवी सरकू देत नही. आपुन ते भोक बुजी टाकं."

समोर कोणाची तरी पाटली होती, मी तीच उलटसुलट करत राहिलो. शेवटी म्हटलं, "पेटीतून पाणी वर येईल की. होडी बुडेल."

"तो सांगस, नही येत."

"तो सांगतो!" माझ्या तोंडून निघून गेलं. जब्बार दारातूनच वळला आणि निघून गेला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. फळी अंगणात भिंतीला टेकवलेली होती, धुऊन पुसून. मेहरुनभाभीनं मला पाणी दिलं, समोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, एक खरं सांगा. ते भोक कशाचं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

"भाभी, काय बोलता?"

"मिलची जागा तुम्हीच बघितली. त्या माणसाला बोलू दिलं नाही तुम्ही. नंबर बंद केला तुम्ही. भोक बुजवलं तुम्ही. यांनी पाण्यावर जाऊ नये असं तुमच्या मनात होतं का?"

मी शपथ घेतली. तिनं ऐकून घेतलं, पण तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावरून हलले नाहीत. ती नजर मी ओळखतो. माल पुढे आल्यावर मी तसाच बघतो. मी जब्बारकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिचा एकेक मुद्दा बरोबर होता आणि मी ते मुद्दाम केलं नव्हतं हे सिद्ध करायला जगात काहीच नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या मनात तसं नव्हतंच, हे मी स्वतःला सांगत राहिलो आणि सकाळपर्यंत माझाही त्यावर पुरता विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेढी बंद ठेवली आणि छिन्नी-हातोडी घेऊन गेलो. भरलेली भेग मीच फोडली, दोन दिवस लागले. मग होडी पाण्यात ढकलली आणि आम्ही दोघं तिच्यात बसलो. पेटीत पाणी चढायला लागलं. मी होडीची कड घट्ट धरली, आता बाहेर सांडेल, आता सांडेल म्हणून बघत राहिलो. पेटीच्या काठाच्या चार बोटं खाली ते थांबलं आणि तिथेच राहिलं. जब्बारनं पेटीतून फळी खाली सोडली, शीड ओढलं. वारा समोरून होता. होडी थोडी कलली, मग वाऱ्याला तिरकी धरून निघाली, वळली, परत निघाली. अर्ध्या तासात आम्ही वारा समोर असताना पुलापर्यंत गेलो. जब्बारच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं वेगळ्या कारणाचं.

ठरल्या रविवारी मॅडमचा गट आला. मी पहाटेच जाऊन दोर लावले, सुकाणू बसवलं, फळी पुसून ठेवली. चार जणं होडीत बसली. जब्बार आला आणि निघण्याआधी शिडाच्या दोराची मी मारलेली गाठ त्यानं सोडली. दोर बोटांतून शेवटपर्यंत फिरवून पाहिला आणि गाठ पुन्हा स्वतः मारली. मग सुकाणू हलवून बघितलं. फळी उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. माझ्याकडे बघितलं नाही. त्याच्यात रागही नव्हता, तो फक्त खात्री करून घेत होता. होडी निघून गेली, आणि पाण्यावरचा एकही पक्षी हलला नाही.

आता दर रविवारी तो तीन-तीन फेऱ्या करतो. मिलच्या जागेवर दुसरा माणूस आहे. आमचं येणं-जाणं पूर्वीसारखंच आहे, भाभी ईदला डबा पाठवते. फक्त होडीला मी हात लावला की जब्बार ते सगळं पुन्हा तपासतो, दर वेळी. त्याच्या जागी मी असतो तर मीही ती गाठ सोडून बघितली असती.