अर्ध्यावर थांबवलेल्या सळया

माझे वडील रत्नागिरीकडे खाणीत चिरे काढायचे. घरात कंदील एकच. तो चुलीपाशी गेला की माझा अभ्यास बंद. कॉलेज पाहिलेला घरातला पहिला मी. हे सांगायचं कारण, आमच्या दुबईतल्या, देरा भागातल्या ऑफिसात चीफ डिझायनर साठेसाहेबांनी मला तेच ऐकवलं.

"जाधव, तुमच्या घरात आधी कुणी इंजिनिअर होतं का? नाही ना? मग ऐकायला शिका."

मी एवढंच म्हणालो होतो, की उद्याचं काँक्रीट थांबवा.

टॉवरच्या तळाशी पार्किंग होतं. गाड्यांना जागा हवी म्हणून मधला कॉलम खाली आणलाच नव्हता. त्याचा सगळा भार माणसापेक्षा उंच अशा आखूड बीमवर. असा बीम साध्या बीमसारखा काम करत नाही. कौलारू छपराची कैची आठवा. दोन तिरके वासे भार खाली नेतात, तळाचं आडवं लाकूड त्यांचे पाय फाकू देत नाही. इथे वासे म्हणजे आतलं तिरकं काँक्रीट, लाकूड म्हणजे तळाच्या सळया. याला स्ट्रट अँड टाय म्हणतात. त्या सळया दोन्ही टोकांच्या कॉलमांत घट्ट रुतायलाच हव्यात.

साध्या बीममध्ये टोकाकडे ताण कमी होतो, म्हणून अर्ध्या सळया कॉलमच्या अलीकडेच थांबवतात. ड्राफ्ट्समनने सवयीने इथेही थांबवल्या. साठेंनी सवयीने पास केल्या. काँक्रीट ओतायच्या परवानगीचा कागद म्हणजे पोअर कार्ड, त्यावर माझी सही लागायची.

"पोअर कार्डवर सही करा, नाहीतर व्हिसा कॅन्सल."

"करा कॅन्सल. वर माणसं झोपणार आहेत, साहेब. मी सही करणार नाही."

"ओहो! एक पुस्तक वाचलं की झाले शहाणे!"

सकाळी साइटवर कन्सल्टंटचा इजिप्शियन इंजिनिअर हानी स्टील तपासायला आला. साठेंच्या देखतच मी त्याला सगळं सांगितलं. त्याने वाकून टोकाकडच्या सळया मोजल्या.

"व्हेअर इज द रेस्ट?"

"स्टँडर्ड डिटेल," साठे म्हणाले.

"फॉर दिस बीम? नो, हबीबी. खलास. नो काँक्रीट टुडे."

साठेंनी आधीच मागवलेले, रांगेतले मिक्सर परत गेले. पुढच्या मीटिंगमध्ये साठे म्हणाले, "आमच्या टीमच्या वेळीच लक्षात आलं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही! अपमान माझ्या एकट्याचा, आणि अक्कल टीमची? अजून आठवलं की डोकं तापतं.

उंच, आखूड बीम दिसला की स्टँडर्ड डिटेल बाजूला ठेवावं आणि भार कुठून जातो ते आधी काढावं.

व्हिसा राहिला. सगळ्या सळया कॉलमांच्या आत नेल्या, टोकं वर वळवली, मगच काँक्रीट पडलं. इमारत पूर्ण झाली. लोक राहायला आले.